दुःख, श्रद्धा आणि आत्मकथनाचा घाट

मराठी ख्रिस्ती आत्मकथनाचा एक ठळक घाट बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ने घडवला. संशय, मंथन आणि अखेरीस प्रकाश हा त्याचा क्रम ग्रंथनामातच सूचित झाला आहे. १९३४पासून चार भागांत प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या घाटात बसत नाहीत. श्रद्धेने लक्ष्मीबाईंना संकटात बळ दिले, हे विधान खोटे नाही. परंतु ते बळ कोणत्या क्रमाने आले, हे पाहिल्याशिवाय त्याला इतिहासाच्या दृष्टीने अर्थ येत नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरी लहानगा दत्तू होता. पती हयात असूनही संसार मोडला आणि नातलगांच्या आश्रयाने दिवस काढणे नशिबी आले. या टप्प्यावर ख्रिस्ती श्रद्धा हे दुःखाचे निवारण नव्हते, कारण होते.

त्याच वर्षी पेण तालुक्यातील गागोदे येथे विनोबा भावे जन्मले. पुढे त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. स्वधर्मात राहून ख्रिस्तवचनांचा आदर करणे त्यांना शक्य झाले. टिळक कुटुंबाला मात्र त्याच वचनांसाठी घर आणि गोत यांचे मोल द्यावे लागले. ग्रंथावरील प्रीती आणि धर्मांतर यांतील हे सामाजिक अंतर ध्यानात घेतल्यावाचून लक्ष्मीबाईंच्या निर्णयाचे वजन कळत नाही.

हा निर्णय एकाएकी झालेला नाही. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात त्यांचे बालपण गेले होते, हे येथे विसरता येत नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर मिळताच जन्मभराचा आचार सोडला. १९०० सालचा बाप्तिस्मा या विचारानंतरचा आहे. म्हणजे श्रद्धेने विचाराची जागा घेतली नाही. विचारानेच श्रद्धेची वाट मोकळी केली.

आठवणी तीन तपांनंतर लिहिल्या गेल्या, म्हणून त्यांच्या विश्वसनीयतेविषयी शंका घेता येईल. तथापि उत्तरकालीन श्रद्धेचा उजेड पूर्वायुष्यावर पाडण्याची सोय असूनही लेखिका ती वापरत नाही. आपला राग, हट्ट, फजिती ती हसत सांगते. हा विनोद दुःख झाकत नाही. दुःखाकडे थोड्या अंतरावरून पाहण्याचे सामर्थ्य तो दाखवतो.

पुढे ही श्रद्धा अनाथ मुलांच्या आणि प्लेगच्या रुग्णांच्या सेवेत उतरली. १९१९मध्ये टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्यांच्या निधनानंतर, १९३८मध्ये ते प्रकाशित झाले. वैधव्याला त्यांनी दिलेले हे उत्तर सांत्वनापेक्षा कामाचे आहे. ‘स्मृतिचित्रां’तील श्रद्धेचा पुरावा शोधायचा तो उपदेशात नव्हे, अशा हाती घेतलेल्या कामांत.