सूक्ष्मजीवी इंधनघट

सांडपाणी, शेण, गाळ यांतील सेंद्रिय पदार्थांवर जगणाऱ्या जिवाणूंकडून थेट वीज मिळवण्याचे साधन. ॲनोडच्या कप्प्यात हवा शिरू देत नाहीत. प्राणवायू नसल्याने जिओबॅक्टरसारखे जिवाणू अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन कार्बनच्या ॲनोडवर सोडतात. ते तारेतून कॅथोडकडे जातात, हायड्रोजन आयन मधल्या पडद्यातून पोहोचतात आणि तिथे प्राणवायूशी मिळून पाणी बनते. सैद्धांतिक दाब सुमारे 1.1 व्होल्ट, भार जोडल्यावर अर्धा व्होल्टही मुश्किलीने टिकतो. घट एकापुढे एक जोडावेत, तर त्यांतल्या एखाद्याचे जिवाणू उपाशी पडताच त्याचा दाब उलटतो आणि बाकीच्यांची कमाई तोच खातो.

कल्पना जुनी आहे. डरहॅम विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. सी. पॉटर यांनी 1911 मध्ये यीस्ट व जिवाणूंपासून वीज मिळवून दाखवली होती.

गाईचे कोटीपोट (पोटाचा पहिला कप्पा) असाच एक बिनहवेचा कप्पा: 39 अंशांच्या आसपास, हवेविना, कडब्यातील सेल्युलोज फोडणारे जिवाणू त्यात कोट्यवधींनी असतात. कोटीपोटातले हेच जिवाणू ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी घटात वापरले (2007). खाद्य सेल्युलोजचे, ॲनोडच्या दर चौरस मीटरला जास्तीत जास्त 55 मिलिवॉट वीज मिळाली. या हिशेबाने पाच वॉटच्या एका दिव्याला नव्वद चौरस मीटर ॲनोड लागेल! उलट 25 किलो शेणातून साधारण एक घनमीटर गोबरगॅस निघतो. तेव्हा गोठेवाल्याने गोबरगॅसच बांधावा.

या घटाची खरी जागा पातळ सांडपाण्यात आहे. नेहमीच्या शुद्धीकरणात हवा फुंकण्यावरच बरीच वीज जाते. इथे ती वाचते, गाळही कमी साचतो. एक किलो सीओडीतले (सीओडी म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण प्राणवायूच्या हिशेबात मोजण्याचे माप) सगळे इलेक्ट्रॉन पकडले, तरी 0.4 व्होल्टला 1.3 युनिटच मिळते, आणि सगळे कधीच सापडत नाहीत. म्हणजे वीज हा जोडधंदा, पाणी स्वच्छ होणे ही मुख्य मिळकत. अडचण खर्चाची. महागड्या पडद्याऐवजी मातीच्या भांड्याची सच्छिद्र भिंत वापरण्याचे प्रयोग आयआयटी खरगपूरमध्ये मकरंद घांगरेकर व सहकाऱ्यांनी भातगिरणीच्या सांडपाण्यावर केले.

थोडकी वीज पुरते, पण बॅटरी बदलायला जाणे जिकिरीचे असते, अशा ठिकाणी मात्र हा घट उपयोगी पडतो. अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात ॲनोड पुरून हवामान नोंदवणाऱ्या बोयाला वीज पुरवली गेली आहे.