सायकलस्ट्रीट्स

सायकलस्ट्रीट्स हे युनायटेड किंग्डममधील सायकलस्वारांसाठीचे मार्ग नियोजनाचे संकेतस्थळ व मोबाइल अ‍ॅप आहे. निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण दिल्यावर ते सायकलने जाण्याजोगे मार्ग नकाशावर आखून देते. केंब्रिज येथील एक ना-नफा कंपनी ते चालवते. त्याची पहिली देशव्यापी आवृत्ती मार्च २००९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. रस्त्यांची माहिती ते ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या मुक्त नकाशातून घेते. त्यामुळे त्याने सुचवलेला मार्ग कितपत भरवशाचा, हे बरेचसे त्या भागातील स्वयंसेवकांच्या कामावर ठरते.

पार्श्वभूमी

मोटारींसाठी बनवलेल्या मार्ग नियोजकाला बागेतून जाणारी पायवाट, कालव्याकाठचा रस्ता किंवा केवळ सायकलींना खुली असलेली गल्ली ठाऊक नसते. उलट, सायकलस्वार ज्या वेगवान रस्त्यावर जाण्याचे टाळतो, तोच त्याला सर्वांत सोयीचा वाटतो. सायकलने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या केंब्रिज शहरात ही उणीव विशेष जाणवत होती. तेथील केंब्रिज सायकलिंग कॅम्पेन या नागरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी २००६ मध्ये शहरापुरता मार्ग नियोजक तयार केला.

तो देशभर नेण्यात मुख्य अडचण नकाशाची होती. ऑर्डनन्स सर्व्हे या शासकीय संस्थेचे नकाशे अचूक असले तरी त्यांच्या वापरावर परवान्याची बंधने होती; त्यांपैकी काही नकाशे एप्रिल २०१० मध्ये खुले झाले. दरम्यान, २००४ मध्ये ब्रिटनमध्येच सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप प्रकल्प झपाट्याने वाढत होता. त्याच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत सायकलस्वार पुष्कळ होते. त्यामुळे व्यापारी नकाशांत न सापडणाऱ्या वाटा त्यात लवकर आल्या.

मार्गाची निवड

अशा साधनात रस्त्यांचे जाळे बिंदू आणि त्यांना जोडणारे दुवे या रूपात साठवलेले असते. दोन बिंदूंमधील सर्वांत कमी ‘खर्चाचा’ मार्ग शोधण्याची मूळ रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केली. आजची बहुतेक साधने तिच्याच सुधारित रूपांवर चालतात. खरा प्रश्न असतो तो खर्च कशाला म्हणायचे हा. केवळ अंतर मोजले, तर सायकलस्वार हमरस्त्यावर जाऊन पडतो. म्हणून रहदारी, चढ, रस्त्याचा पृष्ठभाग, सिग्नलवरील थांबा यांचा भार अंतरात मिळवला जातो. वर्दळीच्या रस्त्याचा एक किलोमीटर दोन किलोमीटरांएवढा धरला, तर दीड किलोमीटरांची शांत गल्ली आपोआप ‘जवळची’ ठरते.

हा भार सर्वांसाठी सारखा असू शकत नाही. रोज कार्यालयात जाणाऱ्याला वेळ महत्त्वाचा वाटतो, तर मुलाला शाळेत नेणाऱ्या पालकाला रहदारीची भीती अधिक असते. म्हणून सायकलस्ट्रीट्स एकाच प्रवासासाठी सर्वांत जलद, सर्वांत शांत आणि या दोहोंचा मेळ घालणारा असे तीन मार्ग दाखवते. सोबत चढउतारांचा आलेखही असतो. जेथे सायकल चालवण्यास मनाई आहे, पण ती हातात धरून चालत नेता येते, असा छोटा तुकडाही मार्गात घेतला जातो.

उंचीची माहिती हाताळताना वेगळीच गुंतागुंत उद्भवते. ब्रिस्टल ते बाथ हा सायकलमार्ग जुन्या लोहमार्गाच्या जागेवर असून तो स्टेपल हिल येथे बोगद्यातून जातो. जमिनीच्या उंचीची आकडेवारी मात्र बोगद्यावरील टेकडीची असते. नकाशात तो तुकडा बोगदा म्हणून नोंदलेला नसेल, तर सपाट वाटेवर नसलेला चढ दिसू लागतो.

नकाशातील नोंदी व चुका

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक रस्त्याला ‘टॅग’ जोडलेले असतात: सायकलला परवानगी आहे का, रस्ता एकेरी आहे का, पायऱ्या आहेत का, पृष्ठभाग डांबरी की मातीचा. केंब्रिजमधील अनेक एकेरी रस्त्यांवर सायकलींना उलट दिशेने जाण्याची मुभा आहे. तो टॅग राहून गेला, तर सायकलस्वाराला विनाकारण वळसा पडतो. जेथे मुभा नाही तेथे तो चुकून लागला, तर समोरून येणाऱ्या वाहनांशी गाठ पडते. दोन रेषा नकाशावर एकमेकींना छेदत असूनही त्यांच्यात सामाईक बिंदू नसेल, तर संगणकाला तेथे चौक दिसत नाही. याउलट, पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता चुकून जोडला गेल्यास पुलावरून थेट खाली वळण्याची सूचना मिळते. अशा चुका घरी बसून ओळखणे अवघड असते, पण तेथून रोज जाणाऱ्याच्या त्या चटकन लक्षात येतात. वापरकर्त्याने त्या कळवाव्यात किंवा नकाशात स्वतःच दुरुस्त कराव्यात, अशी अपेक्षा असते. दुरुस्ती मार्गात उतरायला मात्र नकाशाची नवी प्रत नियोजकात यावी लागते.

ब्रिटिश शासनानेही ट्रान्सपोर्ट डायरेक्ट या आपल्या संकेतस्थळासाठी सायकलमार्गांचे स्वतंत्र सर्वेक्षण करवून घेतले होते. ही माहिती पुढे खुली झाली. ती ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सरसकट न ओतता स्वयंसेवकांनी पडताळून भरावी, असा मार्ग स्वीकारला गेला. ते संकेतस्थळ २०१४ मध्ये बंद पडले.

इतर उपयोग

सायकलस्ट्रीट्सची मार्गशोधन सेवा इतर विकसकांनाही उपलब्ध असून तिच्या आधारे अनेक अ‍ॅप तयार झाली आहेत. ‘फोटोमॅप’ या विभागात वापरकर्ते अडथळे, अपुरे वाहनतळ किंवा चांगल्या सोयी यांची छायाचित्रे नकाशावर त्या त्या जागी लावतात. स्थानिक प्रशासनाकडे दाद मागताना सायकलस्वारांच्या संघटनांना ती उपयोगी पडतात.

गुगल मॅप्सने मार्च २०१० मध्ये अमेरिकेत सायकल मार्गदर्शन सुरू केले. ब्रिटनमध्ये ते २०१२ मध्ये आले. बीराउटर हे मुक्त साधन ओपनस्ट्रीटमॅपवरच चालते. चढ, पृष्ठभाग व रहदारी यांचा भार त्यात वापरकर्त्याला स्वतः बदलता येतो. ते जगभरासाठी, त्यामुळे महाराष्ट्रातील रस्त्यांसाठीही वापरता येते.