फटफटीचा जीर्णोद्धार

धर्मापुरीस येणारा पाहुणा प्रथम केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवालयाकडे जातो, मग किल्ल्याकडे वळतो, आणि जुन्या वस्तूंविषयीं जो आदर दाखवावयाचा तो तेथेंच दाखवून परत फिरतो. ज्या वस्तूस अद्याप शंभर वर्षेंही झालीं नाहींत आणि जी उभी असेल तेथें जमिनीवर तेलाचा काळा डाग पाडते, तिलाही इतिहास असतो, असें त्यास सांगितलें तर तो हसतो. आमच्या ओसरीवर अशी एक वस्तु आहे. ती म्हणजे १९६८ सालीं नोंदलेली, मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथील कारखान्यांत घडलेली ३५० सी. सी.ची बुलेट. गांवांतील म्हातारीं माणसें तिला अजून 'फटफटी'च म्हणतात. या फटफटीवरून आमच्या घरांत सध्यां दोन पक्ष पडले आहेत. तिचा मागील सांगाडा कापून, धुराडें वर चढवून, तिला 'ट्रायल'ची गाडी बनवावी असें आमच्या चिरंजीवांचें म्हणणें. तिच्या अंगास करवत लागूं नये असें आमचें.

हा वाद समजण्यास थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. तींत वेगास मान नाहीं. दगडधोंडे, चिखल, ओढे आणि उभे चढ यांतून आंखून दिलेला टप्पा पाय जमिनीस न टेकतां पार करावयाचा. पाय एकदां टेकला तर एक दोषगुण, गाडी थांबली तर पांच, आणि ज्याचे दोषगुण सर्वांत कमी तो विजयी. स्कॉटलंडांतील सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल १९०९ पासून चालत आली आहे. संथपणा आणि तोल यांची ही परीक्षा पाहिली म्हणजे आमच्या बालाघाटांतील पावसाळी पांदणींतून बैलगाडी काढणारा शेतकरीच डोळ्यांपुढें येतो.

बुलेट हें नांव १९३२ पासूनचें असलें, तरी आज आपण ओळखतों ती बुलेट जन्मली ती अशाच परीक्षेच्या मैदानांत. १९४८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं आमचा हा मुलूख निजामाच्या अमलांतून मुक्त झाला त्याच वर्षीं, इंग्लंडांतील रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनीनें मागील चाकास झोके घेणारा, स्प्रिंगांवर तोललेला दांडा बसवून ही गाडी कोलमोर ट्रायलमध्यें उतरविली. मागचें चाक असें सैल केलें तर दगडांवरील पकड जाईल, अशी जुन्या जाणत्यांची समजूत होती. अनुभव उलट आला. स्प्रिंगेमुळें चाक दगडावरून उसळण्याऐवजीं त्यास चिकटून राहिलें, आणि त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथील आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या परीक्षेंत बुलेटच्या दोन्ही स्वारांनीं सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें जॉनी ब्रिटन यानें १९५२ व १९५७ अशीं दोन वर्षें स्कॉटलंडची ट्रायल बुलेटवरच जिंकली.

आपल्या सैन्यास सीमेवरील गस्तीसाठीं हीच गाडी पसंत पडली. १९५५ सालीं मद्रासेंत एनफील्ड इंडिया स्थापन झाली, आणि पुढें सुटे भागही येथेंच घडूं लागले. रेडिचचा कारखाना १९६७ त बंद पडला, १९७० त इंग्लंडांतील उत्पादनच संपलें. आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडांत विकावयास जाऊं लागली! ज्यांनीं विद्या दिली त्यांच्या घरची चूल विझली, आणि निखारा शेजाऱ्याच्या घरीं जिवंत राहिला.

आतां तिच्या सांभाळाविषयीं. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यास, ९० मिलिमीटर धांव आणि जड फ्लायव्हील; त्यामुळें मंद गतींतही ती दम सोडीत नाहीं. तेलाची टाकी यंत्राच्या पोटांतच असते. टॅपेट बसवावयाचे ते यंत्र थंड असतांना: आंतील काठी बोटांनीं सहज फिरावी, पण वरखालीं हलूं नये. पॉईंटांमधील फट इंचाच्या सुमारें पंधरा सहस्रांशांची. किक मारण्यापूर्वीं ॲमीटरचा कांटा मध्यावर आणावा, डिकॉम्प्रेसर उचलून पिस्टन माथ्याच्या किंचित् पुढें न्यावा, आणि मगच पूर्ण जोर द्यावा. हा विधि चुकला तर ती उलट लाथ मारते; आमचा घोटा एकदां पंधरा दिवस सुजला होता. हें सर्व आम्हांस ज्या वृद्ध मिस्त्रींनीं शिकविलें, ते फट मोजीत नसत. आवाज ऐकून सांगत. त्यांचे हात आतां कांपतात.

मध्यंतरीं कायदाही या वादांत पडला. केंद्र सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. परंतु अट अशी कीं, वाहन मूळ रूपांत असावें, सांगाडा, अंग व यंत्र यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. शिवाय असें वाहन रोजच्या कामास रस्त्यावर आणतां येत नाहीं.

चिरंजीवांनीं आम्हांस पेंचांत धरलें. "बाबा, १९४८ सालीं मूळ रूपच जपलें असतें, तर तुमची ही बुलेट झाली असती का?" प्रश्न खोटा नव्हता. कांहीं दिवस आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नंतर वाटलें कीं, रेडिचच्या कारागिरांनीं स्वतःच्या हातची वस्तु बदलली. चुकली असती तर दुसरी घडविण्याचें सामर्थ्य त्यांजपाशीं होतें. आपल्यापाशीं तें नाहीं. देवळाचा ढळलेला चिरा पुन्हां बसवितां येतो; चौकोनी चिरा गोल तासला तर तो कोणत्याच भिंतींत बसत नाहीं.

अखेर तडजोड झाली ती अशी: पान्यानें जें निघतें व पान्यानें जें परत बसतें तेंच बदलावयाचें. रुंद हँडल, खोल खांचांचे टायर आणि पुढचें कमी दांतांचें स्प्रॉकेट इतकेंच. काढलेले भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून, ट्रंकेंत. ही हौस रस्त्यावर नव्हे, आपल्याच पडीक रानांत भागवावयाची. शिवाय आम्हीं एक अट घातली. दर रविवारीं चिरंजीवांनीं मिस्त्रींच्या शेजारीं बसून तो आवाज ओळखावयास शिकावें. गाडीचे भाग आज मिळतात, कदाचित् उद्यांही मिळतील. तो कान मात्र कोणत्याही दुकानांत मिळावयाचा नाहीं. गेल्या रविवारीं मिस्त्रींनीं डोळे मिटून विचारलें, "काय चुकतंय?" चिरंजीव म्हणाले, "टॅपेट." मिस्त्री कांहीं बोलले नाहींत, त्यांनीं फक्त पाना पुढें केला.