सन्मान आणि अध्यासन : मुंबईच्या वैद्यकीय विद्याशाखेतील नेमणुकांचा इतिहास (१८४५–१९२६)

शिक्षणसंस्थांच्या दालनांत प्राचार्यांची व पारितोषिक-विजेत्यांची नावे लाकडी फलकांवर कोरून लावण्याची प्रथा आहे. असे फलक श्रद्धेने पाहिले जातात; इतिहासाचे साधन म्हणून ते क्वचितच वाचले जातात. वास्तविक कोणत्या पदावर कोण बसला, यापेक्षा त्या पदाकडे जाणारा दरवाजा कोठे होता व तो कोणास उघडा होता, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा असतो. मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या ऐंशी वर्षांस हा प्रश्न लावला असता एक गोष्ट ठळकपणे प्रत्ययास येते. हिंदी डॉक्टरांस सन्मान लवकर आणि उदारपणे मिळाला; अध्यासन मात्र फार उशिरा मिळाले.

मुंबईत पाश्चात्त्य वैद्यक शिकविण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १८२६ सालचा. सर्जन जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी भाषांतून शिक्षण देणारी एक शाळा त्या वर्षी निघाली व १८३२ मध्ये बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. १८३८ मध्ये त्यांचे निधन झाले, परंतु त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. शेजारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या दानातून रुग्णालय उभे राहिले. कॉलेजची धुरा डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्याकडे आली. रुग्णाच्या खाटेपाशी शिक्षण झाले पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. तीत भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा, लिस्बोआ आदी मंडळी होती.

या तुकडीचा पुढील लौकिक सर्वश्रुत आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली, तेव्हा स्थापनेच्या कायद्यातच ज्या सदस्यांची नावे घातली गेली, त्यांत भाऊ दाजी होते. १८६९ व १८७१ अशी दोनदा ते मुंबईचे नगरपाल झाले. आत्माराम पांडुरंग यांना तोच मान १८७९ साली मिळाला. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे ते पहिले अध्यक्ष होत. लिस्बोआ यांनी वनस्पतिशास्त्रात नाव मिळविले. विद्यापीठाच्या सभागृहात बसून वैद्यकाच्या परीक्षांविषयी मत देण्याचा अधिकार भाऊ दाजींस होता. परंतु ज्या कॉलेजातून ते स्वतः बाहेर पडले, तेथील प्राध्यापकाचे अध्यासन त्यांच्या वाट्यास आले नाही. कडू कवठीच्या तेलाने कुष्ठरोगावर उपचार करण्याचे त्यांचे प्रयोग गाजले. त्या प्रयोगांच्या पाठीशी मुख्यतः त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता, प्राध्यापकपदाचा आधार नव्हता. आपले औषध त्यांनी गुप्त ठेवले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ती टीका गैरवाजवी नव्हे. तथापि ज्ञान प्रकट करून त्याची परीक्षा घेणाऱ्या संस्थेत ज्यास स्थान नाही, त्याच्याकडून त्या संस्थेच्या शिस्तीची अपेक्षा करताना ही परिस्थिती ध्यानी घ्यावयास हवी.

असे का घडले याचे उत्तर व्यक्तींच्या पूर्वग्रहात शोधण्यापेक्षा नेमणुकांच्या यंत्रणेत शोधणे इष्ट. वैद्यकीय प्राध्यापकांच्या जागा मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी होत्या. ही सेवा मूलतः लष्करी होती. तिचे अधिकारी शांततेच्या काळात जिल्ह्यांत, तुरुंगांत व महाविद्यालयांत नेमावयाचे आणि युद्धप्रसंगी पलटणींकडे परत बोलवावयाचे, अशी योजना होती. अर्थात अध्यासन हे विद्येचे आसन असले तरी प्रशासनाच्या दृष्टीने ती लष्करी राखीव दलाची एक खुर्ची होती. १८५५ पासून या सेवेत प्रवेश स्पर्धापरीक्षेने होऊ लागला व हिंदी उमेदवारांसही तो तत्त्वतः खुला झाला. त्याच वर्षी बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती हे त्या परीक्षेत यशस्वी झाले. परंतु परीक्षा लंडनमध्ये होत असे. ज्यास समुद्रपर्यटनाचा खर्च आणि ज्ञातीचा रोष सोसवेल त्यासच हा खुलेपणा उपयोगी होता.

असा मार्ग चोखाळणाऱ्या महाराष्ट्रीयांत कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे प्रमुख होत. ते या सेवेत शिरले, दुसऱ्या अफगाण युद्धात त्यांनी काम केले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापनही केले. हिंदी औषधी वनस्पतींवरील त्यांचा व मेजर बामनदास बसू यांचा ग्रंथ कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर १९१८ साली प्रसिद्ध झाला. कीर्तिकरांचे उदाहरण नियमाचे खंडन करीत नाही. ते नियम स्पष्ट करते. मुंबईतील वर्गापर्यंत पोहोचण्याची त्यांची वाट लंडनवरून गेली होती.

या सेवेतील सर्वच प्राध्यापक केवळ अधिकारी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रेच्या विख्यात शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे काढणारे हेन्री वॅन्डाइक कार्टर १८५८ मध्ये मुंबईस आले. ग्रँट कॉलेजात त्यांनी शरीररचना व शरीरक्रिया हे विषय शिकविले. पुढे काही काळ कॉलेजची धुराही सांभाळली. मदुरापाद, कुष्ठरोग व पुनरावर्ती ज्वर यांवरील त्यांचे संशोधन मूलगामी आहे. १८८२ साली त्यांना ब्रिटिश मेडिकल असोसिएशनचे स्ट्यूअर्ट पारितोषिक मिळाले. कार्टर यांनी कुष्ठरोगाच्या अभ्यासासाठी नॉर्वेपर्यंत प्रवास केला. भाऊ दाजींच्या प्रयोगांशी याची तुलना केली असता अध्यासन म्हणजे काय, हे कळून येते. अध्यासन म्हणजे शवविच्छेदनगृह, सूक्ष्मदर्शक, रुग्णकक्ष, अहवाल छापण्याची सोय आणि पुढच्या पिढीतील शिष्य. सन्मानाबरोबर यांपैकी काहीच येत नाही.

हिंदी डॉक्टरांना अध्यापन अगदीच अप्राप्य होते, असेही नव्हे. १८६१ पासून ग्रँट कॉलेजात मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग सुरू झाले. तेथे डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या विद्वानांनी शिकविले व मराठीत वैद्यकीय ग्रंथ लिहिले. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत सखाराम अर्जुन व आत्माराम पांडुरंग हे दोघेच हिंदी होते. म्हणजे शास्त्रज्ञांच्या मंडळात त्यांना बरोबरीचे स्थान होते. कॉलेजात मात्र इंग्रजी वर्गाची पायरी वरची आणि देशी भाषेच्या वर्गाची खालची. इंग्रजी वर्गातून पदवीधर होत, देशी वर्गातून दुय्यम दर्जाचे रुग्णालय-सहायक. भाषेची उतरंड आणि पदांची उतरंड एकमेकींस अशी तंतोतंत जुळली होती. मराठीतील वैद्यकीय परिभाषा याच खालच्या पायरीवर घडू लागली, ही गोष्ट परिभाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या व्यवस्थेविरुद्ध संघटित आवाज उठला. मुंबईचे डॉ. बहादुरजी यांनी राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावरून नागरी वैद्यकीय सेवा लष्करी सेवेपासून वेगळी करावी, अशी मागणी मांडली. तिचा रोख युरोपीय व्यक्तींवर नव्हता. विषयाचे ज्ञान हीच नेमणुकीची कसोटी असावी, असा तिचा आशय होता. परंतु ठराव झाले तरी खुर्च्या हलल्या नाहीत.

त्या हलल्या त्या दात्यांच्या अटींमुळे. याचा पूर्वपाठ स्त्रियांच्या बाबतीत आधीच घडला होता. १८८६ मध्ये सुरू झालेले कामा रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्याच हाती राहावे, या भूमिकेतून ते उभारले गेले आणि त्याची सूत्रे एडिथ पेची यांच्याकडे आली. जे अर्जाने मिळत नाही ते देणगीच्या अटीने मिळू शकते, हा धडा मुंबईने तेथे घेतला. १९२१ साली असहकाराच्या चळवळीत नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. पुढे परळ येथे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयास जोडून शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले. तेथील शिक्षक पात्र, स्वतंत्र व सरकारी नोकरीत नसलेले हिंदी डॉक्टरच असावेत, अशी विश्वस्तांची अट होती. पहिले अधिष्ठाते डॉ. जीवराज मेहता स्वतः ग्रँट कॉलेजचे विद्यार्थी, लंडनची एम. डी. पदवी त्यांनी सुवर्णपदकासह मिळविली होती. भाऊ दाजींच्या तुकडीनंतर पंचाहत्तर वर्षांनी सन्मान आणि अध्यासन एका व्यक्तीच्या ठायी एकत्र आले.

तथापि या घटनेचे मूल्यमापन केवळ जयघोषाने करणे योग्य नव्हे. जन्म व नोकरी यांवरून काहींना वगळणारी अट वगळण्याच्या जुन्या रीतीनेच वगळण्याचा प्रतिकार करीत होती. शिवाय नव्या संस्थेतही रुग्णालयातील वरिष्ठ अध्यापक बहुधा मानसेवी असत. 'मानसेवी' या शब्दातच 'मान' आहे आणि वेतन नाही. ज्याचा खासगी व्यवसाय भरभराटीस आलेला असेल त्यासच हे पद परवडणार. लंडनच्या दरवाजाच्या जागी अशा रीतीने संपन्नतेचा एक नवा दरवाजा उभा राहिला. याउलट, प्रयोगशाळेत पूर्णवेळ रमणाऱ्या अध्यापकांमुळे संशोधनाची परंपरा दृढ झाली. या परंपरेतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी पुढे टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगाच्या संशोधनास दिशा दिली आणि १९६० साली ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

विद्याशाखांच्या वार्षिक वृत्तांतांत नेमणुका आणि पारितोषिके एकाच शीर्षकाखाली नोंदविली जातात. वरील इतिहास असे सुचवितो की, त्यांची नोंद वेगळी ठेवावी. पारितोषिक झालेल्या कार्याची पावती असते, तर नेमणूक व्हावयाच्या कार्याची संधी. संस्थेचा न्याय तिने किती जणांचा गौरव केला यावरून करू नये. तिने कोणाच्या हाती प्रयोगशाळेची किल्ली दिली, आणि कोणास केवळ हार घालून दारातून परत पाठविले, यावरून तो करावा.