जुन्या द्विनेत्री दुर्बिणींची ओळख व सत्यता-पडताळणी

जुन्या द्विनेत्री दुर्बिणींची सत्यता-पडताळणी म्हणजे एखाद्या दुर्बिणीचा निर्माता, निर्मितिकाळ आणि मूळ वापर निश्चित करण्याची पद्धत होय. संग्राहक, वस्तुसंग्रहालये आणि सैनिकी इतिहासाचे अभ्यासक तिचा अवलंब करतात. धातूवर अक्षरे मागाहून कोरता येत असल्याने केवळ कोरीव खूण हा पुरेसा पुरावा ठरत नाही. खूण, बांधणी आणि भिंगे एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहावे लागते.

बांधणी

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक द्विनेत्री दुर्बिणी गॅलिलीय रचनेच्या, म्हणजे सरळ नळ्यांच्या व लोलकविरहित असत. इटलीच्या इग्नाझिओ पोरो याने १८५४ मध्ये प्रतिमा सुलटी करणाऱ्या लोलकरचनेचे पेटंट घेतले. जर्मनीतील येना येथील कार्ल झाईस कंपनीने १८९४ मध्ये लोलकयुक्त दुर्बिणी बाजारात आणल्या. अशा दुर्बिणींत वस्तुभिंगांमधील अंतर सहसा नेत्रिकांमधील अंतरापेक्षा जास्त असते.

खुणा

‘८×३०’ यातील पहिली संख्या विशालन, तर दुसरी वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवते. दुर्बीण डोळ्यांपासून दूर, उजेडाकडे धरल्यास नेत्रिकेत प्रकाशाची लहान चकती दिसते. तिचा व्यास दुसऱ्या संख्येला पहिलीने भागून मिळतो. येथे तो ३.७५ मिमी असावा. मोठी तफावत आढळल्यास सुटे भाग बदलले असण्याची किंवा आकडे चुकीचे असण्याची शक्यता असते.

ब्रिटिश सरकारी मालमत्तेवर रुंद बाणाची खूण असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लष्करी दुर्बिणींवर कंपनीच्या नावाऐवजी लघुसंकेत येऊ लागले: ‘बीएलसी’ म्हणजे येनाची कार्ल झाईस, तर ‘बीईएच’ म्हणजे वेट्झलरची अर्न्स्ट लाइट्झ. महायुद्धानंतर झाईस कंपनी विभागली गेली. येना पूर्व जर्मनीत राहिले आणि पश्चिम जर्मनीतील शाखा ओबरकोखेन येथे उभी राहिली. त्यामुळे ‘ओबरकोखेन’ अथवा पूर्व जर्मनीची ‘डीडीआर’ ही अक्षरे असलेली दुर्बीण महायुद्धकालीन असू शकत नाही.

भिंगांवरील लेप

झाईसमधील संशोधक अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधी लेप विकसित केला. लेपित भिंगांवरील परावर्तन निळसर वा जांभळट दिसते. पहिल्या महायुद्धातील म्हणून दाखवलेल्या दुर्बिणीत असा लेप आढळल्यास भिंगे नंतर बदललेली किंवा लेपित केलेली असतात, अथवा सांगितलेला काळच चुकीचा असतो.

बनावट नमुने

नाझीकालीन चिन्हे असलेल्या दुर्बिणींना अधिक किंमत मिळत असल्याने महायुद्धोत्तर साध्या दुर्बिणींवर गरुड व स्वस्तिक कोरून त्या जर्मन नौदलाच्या म्हणून विकल्या जातात. भोवतालचा रंग झिजलेला असताना कोरीव रेषांच्या कडा तीक्ष्ण असणे किंवा रेषांत ताजा, चकाकणारा धातू दिसणे संशयास्पद मानले जाते.

जतन

जुना रंग आणि झीज हेही पुरावेच असल्याने पडताळणीपूर्वी दुर्बीण घासून चकचकीत करणे किंवा पुन्हा रंगवणे टाळले जाते. लोलक काढल्यास दोन्ही नळ्यांची समांतरता बिघडून दुहेरी प्रतिमा दिसू शकते. त्यामुळे ते काम अनुभवी कारागिराकडे सोपवले जाते.