मूल सांभाळणारीचे मोल : काही शब्द आणि वेतनाचा एक प्रश्न

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावी पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असलेल्या कुटुंबात मूल जन्मास आले, की काही महिन्यांतच एक प्रश्न उभा राहतो. ठरलेल्या वेळी येणारी, ठरलेल्या वेळी परतणारी व महिन्याकाठी पगार घेणारी बाई पाहावी, की गावाकडची एखादी गरीब घरची मुलगी आणून घरीच ठेवावी? घरात आजी असेल तर हा प्रश्न पुढे ढकलला जातो, मिटत नाही. युरोपातील व अमेरिकेतील मध्यमवर्गापुढेही हाच प्रश्न ‘नॅनी’ की ‘ओ-पेर’ या रूपाने उभा असतो. पहिली पगारी, व्यवसाय म्हणून हे काम करणारी; दुसरी परक्या देशातून भाषा शिकावयास आलेली, घरच्यांबरोबर जेवणारी व हातखर्चापुरते पैसे घेणारी तरुणी. आपल्याकडील ‘ठेवलेली मुलगी’ आणि ही ओ-पेर यांच्यात शिक्षण, वय व सामाजिक स्थिती यांचे मोठे अंतर आहे, हे उघड आहे. तथापि दोहींच्या मुळाशी असलेली कल्पना एकच : घरात राहणाऱ्या माणसाला पगार काय म्हणून द्यावयाचा? प्रस्तुत लेखात या कल्पनेचा इतिहास शब्दांच्या साह्याने पाहावयाचा आहे. कारण वेतनाच्या वह्या या कामापुरत्या क्वचितच ठेवल्या गेल्या. शब्द मात्र टिकून राहिले.

सर्वांत जुना शब्द ‘धात्री’. स्तन्य पिणे या अर्थाच्या ‘धे’ धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. मराठीत रूढ असलेला ‘दाई’ हा शब्द फारसीतून आला; पण फारसीतील ‘दाया’ हाही त्याच प्राचीन मूळाचा इराणी शाखेतला वंशज. म्हणजे एकाच धातूची दोन भावंडे दोन वाटांनी फिरून मराठी घरात भेटली. पुढे ‘दाई’चा अर्थ सरकला आणि पाजणारीपेक्षा सुईण हाच अर्थ प्रबळ झाला. पाजणारीसाठी मराठीने स्वतःचा शब्द घडविला, तो ‘दूधआई’. संभाजीराजांची दूधआई म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिचे नाव परंपरेने जपले आहे व तिचे पुत्र राजांचे दूधभाऊ म्हणून ओळखले जातात. येथे सेवेतून नाते निर्माण झाले, आणि मोबदला मिळाला तो मानाच्या रूपाने. राजघराण्यात मानाला किंमत असते. त्यातून पुढच्या पिढीस चाकरी मिळते. सामान्य घरी मान दिला आणि मोल दिले नाही, तर हाती काय उरते, हा प्रश्न दूधआईच्या कथेत उद्भवत नाही. आणि नेमक्या याच कारणाने ती कथा आदर्श म्हणून फसवी आहे.

‘आया’ हा शब्द पोर्तुगीज. त्या भाषेत ‘आया’ म्हणजे थोरामोठ्यांच्या मुलांना वळण लावणारी प्रतिष्ठित स्त्री, आणि तिचे मूळ लॅटिनमधील ‘आविआ’, म्हणजे आजी. गोवा, वसई, मुंबई असा प्रवास करीत हा शब्द इंग्रजांच्या बंगल्यांत शिरला आणि तेथे त्याची प्रतिष्ठा उतरली. इंग्रज कुटुंबांबरोबर हिंदी आया विलायतेपर्यंत जात. परतीची सोय न करता त्यांतील कित्येकींना लंडनमध्ये सोडून देण्यात आले. अशा स्त्रियांसाठी चालविलेले ‘आयाज होम’ १९०० पासून हॅकनी भागात होते व २०२२ मध्ये त्या वास्तूवर स्मृतिफलक बसला. जी आया गोऱ्या मुलाला आईहून जवळची वाटे, तिच्या परतीच्या तिकिटाची जबाबदारी कोणावर याबद्दल करार नसे. आज आपल्याकडे ‘आया’ म्हटले की शाळेतली किंवा दवाखान्यातली परिचारिकेहून खालच्या पायरीवरील बाई डोळ्यांपुढे येते. आजीवाचक शब्दाची ही उतरण अर्थापकर्षाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. इंग्रजीतील ‘नॅनी’ हाही मूळचा लाडाचा शब्द, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

या सर्वांहून निराळा शब्द ‘मोलकरीण’. त्यात ना माया आहे ना नाते; मोल घेऊन काम करणारी, एवढेच तो सांगतो. जुन्या मराठीत ‘मोलकरी’ म्हणजे कोणताही मजूर. पुढे स्त्रीलिंगी रूप घरकामापुरते आकुंचित झाले व त्याला हीनत्वही चिकटले. परंतु मोलकरीण कोणाच्या विरुद्ध अर्थाची होती हे पाहिले, म्हणजे या शब्दाची योग्यता कळते. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणी व बटकी यांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. (येथे ‘कुणबीण’ शब्दाचा अर्थ दासी असा असून त्याचा आजच्या जातिवाचक अर्थाशी घोटाळा करू नये.) त्या स्त्रियांना मोल होते, पण ते त्यांना मिळत नसे, त्यांच्या धन्याला मिळे. कंपनी सरकारच्या प्रदेशात १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीस न्यायालयाचा आधार नाहीसा झाला, आणि वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आले ते १८५३ मध्ये. स्वतःचे मोल स्वतः घेणारी ती मोलकरीण. १९८० मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी संप केला व त्यातून ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली. तिने हा शब्द टाकला नाही, याचे प्रस्तुत लेखकास विशेष वाटते.

आता यवतमाळकडे वळू. हा जिल्हा कापसाचा. आणि कापसाच्या मुलखात मजुरीचे हिशेब लहान मुलालाही ठाऊक असतात. वेचणी वजनावर, निंदण रोजावर, सालदारी सालावर. सालदाराची बोली पाडव्याच्या सुमारास होते. रोख किती, ज्वारी किती, उचल किती, हे चार माणसांदेखत ठरते. गावात धुणीभांडी करणाऱ्या बाईचेही ‘एका कामाचे इतके’ असे ठरलेले असते. कामाला एकक असले की मजुरीची बोली करता येते, हा येथला व्यवहार. मूल सांभाळण्याला मात्र एकक नाही. वऱ्हाडी बोलीत ‘पोट्टं सांभायाले पोरगी ठेवली’ एवढ्या वाक्यात सगळे संपते. यातील क्रियापद पाहावे. सालदार ‘सालाने राहतो’, तेथे कर्ता तो स्वतः. पोरगी ‘ठेवली’ जाते, तेथे ती कर्म. ठेव, ठेवणीतले, ठेवलेली, हा सगळा शब्दगोत वस्तूंचा व स्वामित्वाचा आहे.

एकक नसण्याचे कारण काम हलके असणे हे नव्हे. वेचणीच्या दिवसांत शेताच्या बांधावर झाडाला बांधलेल्या झोळीपाशी सात-आठ वर्षांची बहीण बसलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कारण सांगावयास नको. हे काम प्रथम घरच्याच मुलीने फुकट केलेले असते. म्हणून दुसऱ्याच्या मुलीने केले तरी त्याला दर लागत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडच्या कार्यात हीच अडचण ओळखली होती : धाकट्याला कडेवर घेणारी मोठी मुलगी शाळेत यावी, तर धाकट्याचीही सोय शाळेनेच केली पाहिजे. कायद्याने या कामाला दर लावल्याचे एक उदाहरण मात्र आहे, आणि ते अनपेक्षित ठिकाणी आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत अशी तरतूद होती, की कामावर स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आली, तर त्यांतील एका स्त्रीला ती मुले सांभाळण्यास नेमावे व तिला मजुरीचा दर द्यावा. म्हणजे माती खणणारीचा दिवस आणि मूल राखणारीचा दिवस, दोन्ही दिवसच. कामाच्या जागी ही तरतूद कितपत पाळली जाई हा भाग वेगळा. तत्त्व म्हणून ती दोन ओळींची तरतूद अनेक ग्रंथांना भारी आहे.

याच्या उलट १९४८ चा किमान वेतन अधिनियम. तो अनुसूचीत नमूद केलेल्या उद्योगांनाच लागू होई. मूळ अनुसूचीच्या दुसऱ्या भागात शेती होती. घरकाम कोठेच नव्हते. परिणामी एकाच वाड्यात शेत राखणारा सालदार कायद्याच्या कक्षेत आला आणि त्याच मालकाचे मूल राखणारी बाहेर राहिली. आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. जेथे धान्यरूपाने वेतन देण्याची रूढी असेल तेथे सरकारने तशी मुभा द्यावी, परंतु त्या धान्याची रोख किंमत ठरवून ती वेतनात धरावी, असे त्या अधिनियमाच्या ११ व्या कलमात होते. म्हणजे सालदाराच्या ज्वारीची किंमत काढता येते, पण ठेवलेल्या मुलीच्या भाकरीची कोणी काढीत नाही. ती भाकरी उपकारात मोडते आणि उपकाराची परतफेड अमर्याद असते.

घरी ठेवलेल्या मुलीशी होणारा करार बहुधा तिच्या आईबापांशी, तोंडी आणि भविष्यकाळी क्रियापदांत होतो : शिकवू, कपडालत्ता करू, लग्न करून देऊ. ‘घरच्यासारखी राहील’ हे त्यातील मुख्य कलम. ‘सारखी’ हे शब्दयोगी अव्यय येथे फार मोठे काम करते. घरची मुलगी आजारी पडली तर झोपून राहते. घरच्यासारखी झोपून राहत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवणे १० ऑक्टोबर २००६ पासून निषिद्ध झाले, तेव्हा अशा मुलींचे सांगितले जाणारे वय वाढले. खरे वय किती घरांत वाढले, हे ज्याने त्याने आपल्या आळीत पाहावे.

फ्रेंच ‘ओ पेर’ या पदाचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’. म्हणजे ‘घरच्यासारखी’चेच ते परदेशी रूप. परंतु युरोपाने त्या ‘सारखी’ला आकडे लावण्याचा प्रयत्न केला. २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे झालेल्या करारात वयोमर्यादा सामान्यतः १७ ते ३०, काम दिवसाला साधारणपणे पाच तासांहून अधिक नाही, आठवड्यास एक पूर्ण दिवस मोकळा, भाषा शिकण्यास वेळ, आणि लेखी करार, अशा अटी आहेत. रकमेला मात्र तेथेही ‘हातखर्च’च म्हटले आहे. अमेरिकेत ही पद्धत १९८६ मध्ये आली व तिचा हिशेब आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. आठवड्यास ४५ तास, तासाला संघराज्याचे किमान वेतन ७.२५ डॉलर, एकूण ३२६.२५; त्यातून राहण्याजेवणाचे ४० टक्के, म्हणजे १३०.५०, वजा, हातात १९५.७५. हा २००९ च्या दराने निघालेला आकडा. तो पुरेसा आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि त्यावरून तेथे न्यायालयीन लढे झाले. पण लढता आले ते भाकरीची किंमत कागदावर होती म्हणून. अमेरिकेतील मराठी कुटुंबे पाळणाघर, ओ-पेर आणि भारतातून सहा महिन्यांसाठी येणारी आजी यांच्यात जेव्हा निवड करतात, तेव्हा त्यांपैकी पहिल्या दोहोंचा दर त्यांना ठाऊक असतो; ‘आविआ’चा मात्र नसतो.

गावातील पगारी बाईविषयीही एक भाषिक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. तिला सर्वत्र ‘मावशी’ म्हणतात. ‘आत्या’ कोणी म्हणत नाही. आत्या ही बापाच्या कुळातली. बारशाला नाव ठेवण्याचा मान तिचा, आणि माहेरी तिचा हक्क. मावशी आईच्या बाजूची. तिच्याकडे माया आहे, हक्क नाही. ‘माय मरो पण मावशी उरो’ या म्हणीत तिच्याकडून काय अपेक्षित आहे ते पुरेसे स्पष्ट आहे. नातेवाचक शब्दांच्या भांडारातून समाजाने नेमका बिनहक्काचा शब्द उचलला. तिने मात्र मालकिणीला, ती वयाने लहान असली तरी, ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ म्हणावयाचे. ‘मावशी’ म्हणू नये असे येथे सुचवावयाचे नाही. मुलाच्या तोंडी तोच शब्द शोभतो. पण पगाराच्या बोलण्यात तो शब्द आणणे अन्यायाचे आहे.

मग निवड कोणती करावी? प्रस्तुत लेखकाच्या मते दिवसाचे तास ठरवून येणारी बाईच पत्करावी. तिची वेळ संपते, ही तिची मोठीच सोय आहे. वयात आलेली एखादी मुलगी राहण्यासच ठेवावयाची असेल, तर सालदाराशी करतो तशी बोली तिच्या स्वतःशी करावी : तास किती, सुटीचा दिवस कोणता, रोख किती, जेवणाचे किती धरले, आजारपणात काय. रात्री मूल उठले तर तोही वेळ कामाचाच धरावा. वेचणीच्या ऐन हंगामात तीच मुलगी शेतात रोजाला जे मिळवील त्याहून तिला कमी देणे न्याय्य ठरणार नाही. यवतमाळात तरी हे माप सर्वांच्या हाताशी आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०११ च्या १८९ व्या संकेतानुसार वस्तुरूप मोबदला वेतनाच्या मर्यादित हिश्श्यापुरताच चालतो. लग्न करून देण्याचे वचन हा वेतनाचा हिस्सा होऊ शकत नाही.

शब्दांची कथा मात्र पुढे चालूच आहे. महाराष्ट्राने २००८ च्या अधिनियमाने ‘घरेलू कामगार कल्याण मंडळ’ स्थापण्याचे ठरविले. मराठीत ‘घरकामगार’ असताना हिंदीतून ‘घरेलू’ का आणावे लागले हे कळत नाही. त्या कायद्यात नोंदणी व कल्याणाच्या योजना आहेत. वेतनाचा दर नाही. आणि सरकार स्वतः मुले सांभाळण्यास ज्या स्त्रियांना नेमते, त्यांना १९७५ पासूनच्या अंगणवाडी योजनेत ‘सेविका’ व ‘मदतनीस’ म्हणण्यात आले, आणि त्यांना मिळणाऱ्या रकमेला ‘मानधन’. मान आणि धन यांचा हा समास धाराऊच्या काळात शोभला असता. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या खटल्यात त्यांना उपदानाचा हक्क आहे असा निर्णय देताना, त्यांचे मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच होय, असे ठरविले.