आड आणि पोहरा: यंत्रातील यादृच्छिकतेच्या अभ्यासाची प्रस्तावना

संगणकाचे बटण दाबल्यानंतरचा पहिला क्षण. पडद्यावर अजून काही उमटलेले नाही, कीबोर्डला कुणी हात लावलेला नाही, डिस्कचा ड्रायव्हर जागा झालेला नाही. अशा वेळी कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत आपले बिऱ्हाड कुठे मांडायचे ते ठरवतो. हल्लेखोराला ही जागा आधीच ठाऊक असू नये म्हणून ती दर वेळी बदलावी लागते, आणि ती बदलायला कुणालाही ताडता येणार नाही असा आकडा लागतो. तो आणायचा कुठून? या क्षणापर्यंत यंत्रात जे घडले ते काल सकाळीही असेच घडले होते, आणि त्याच कारखान्यातून आलेल्या शेजारच्या यंत्रातही असेच घडते आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

ऑपरेटिंग सिस्टिमने हार्डवेअरमधली यादृच्छिकता सुरक्षित फर्मवेअरकडे कशी मागावी, आणि फर्मवेअरने ती कशी द्यावी, याची एक ठरलेली रीत घालून देणे हा या पानांचा विषय. नाव लांबलचक आहे, पण क्षेत्र आटोपशीर आहे. नव्याने येणाऱ्याने महिना-दोन महिने मन लावून वाचले तर त्याच्या कडेपर्यंत पोहोचता येते, आणि तिथे करण्याजोगे काम शिल्लक आहे. कुणी इलेक्ट्रॉनिक्समधून येईल, कुणी संख्याशास्त्रातून, कुणी कर्नेलच्या कोडमधून. प्रत्येकाला आपल्या ओळखीचा एक कोपरा इथे सापडतो.

'यादृच्छिक' हा शब्द आपल्याला दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात भेटलेला असतो, नाणेफेक आणि फाशांबरोबर. तिथे आपल्याविरुद्ध कुणी खेळत नसते. इथे खेळते. समोर एक हुशार, चिकाटीचा विरोधक बसला आहे आणि आपला पुढचा आकडा तो ओळखू पाहतो आहे, असे धरूनच हा अभ्यास सुरू होतो. त्याला ओळखणे किती अवघड जाईल याचे माप म्हणजे एन्ट्रॉपी. या शब्दाला मराठी पर्याय घडवण्याचा मोह मी आवरला आहे, कारण तो आहे तसाच आता वर्गात रुळला आहे.

या विषयातली सगळ्यात अडचणीची गोष्ट पहिल्याच पानावर सांगायला हवी. आकड्याकडे पाहून तो यादृच्छिक आहे की नाही हे कळत नाही. पायचे दशांश अंक घ्या. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या चाचण्या ते सहज पार करतात, पण गुप्त चावी म्हणून त्यांचा उपयोग शून्य, कारण ते जगाला पाठ आहेत. दूध नासले तर वास येतो, आकड्याला वास नसतो. म्हणून घेणाऱ्याच्या हातात आल्यावर मालाची पारख करू, ही सोय इथे नाही. खात्री करायची ती देण्याघेण्याच्या जागीच: कोण देतो, किती देतो, आणि जवळ नसताना 'नाही' म्हणतो का.

या प्रश्नांकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते २०१२ मध्ये नादिया हेनिंगर, झाकीर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि ॲलेक्स हाल्डरमन यांनी दाखवले. त्यांनी साऱ्या इंटरनेटवरून सार्वजनिक चाव्या गोळा केल्या. आरएसए पद्धतीत सार्वजनिक चावीत एक प्रचंड संख्या असते, ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार. तिचे अवयव पाडणे आजही आवाक्याबाहेर आहे. पण दोन वेगळ्या यंत्रांनी योगायोगाने एक मूळ संख्या सारखीच निवडली असेल, तर त्या दोन गुणाकारांचा मसावि काढला की ती सामाईक संख्या हातात येते आणि दोन्ही कुलुपे उघडतात. मसावि! शाळेत भागाकाराच्या पद्धतीने काढतो तोच. एवढ्या साध्या हत्याराने त्यांना टीएलएस, म्हणजे वेबवरच्या सुरक्षित संवादाची पद्धत, वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या खाजगी चाव्या मिळाल्या. त्यांतली बहुतेक यंत्रे म्हणजे राउटर, फायरवॉल अशी लहान उपकरणे होती. पहिल्यांदा सुरू होताच, आड कोरडा असतानाच त्यांनी चावी बनवली होती, आणि तसे करताना त्यांना कुणी अडवले नव्हते.

दुसरे उदाहरण २०१९ चे. एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतले प्रोसेसर बाजारात आले तेव्हा 'आरडीरँड' ही यादृच्छिक आकडा देणारी आज्ञा दर वेळी एकच उत्तर देत होती: सगळेच्या सगळे बिट १. सोबतची खूण मात्र सांगत होती, काम यशस्वी झाले. काही लिनक्स संगणक त्यामुळे सुरूच होईनात. पुढे मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून दुरुस्ती आली. माझ्या मते या प्रसंगातला खरा दोष आकडा चुकीचा असण्यात नव्हता. रिकामा पोहरा वर आला आणि त्यावर 'भरलेला' अशी चिठ्ठी होती, हा तो दोष.

आता आडाकडे पाहू. चिपमध्ये विषम संख्येने उलटकारी गेट एकामागोमाग जोडून त्यांचे कडे केले की त्यातला सिग्नल कधीच स्थिर होत नाही, तो फिरत राहतो. धातूतल्या आणि सिलिकॉनमधल्या उष्णतेच्या खळबळीमुळे प्रत्येक फेरीला अगदी किंचित कमी-जास्त वेळ लागतो. संथ घड्याळाने या कड्यात अधूनमधून डोकावले की कधी ० दिसतो, कधी १. हा कच्चा माल क्वचितच समतोल असतो. समजा शंभरात सत्तर वेळा १ येतो. जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये सुचवलेली युक्ती अशी: बिट जोडीजोडीने घ्या. १-० आले तर एक लिहा, ०-१ आले तर शून्य लिहा, दोन्ही सारखे आले तर जोडी टाकून द्या. १-० येण्याची शक्यता ०.७ × ०.३ म्हणजे ०.२१, आणि ०-१ चीही ०.२१. तोल सावरला. पण किंमत पाहा: शंभर कच्च्या बिटांच्या पन्नास जोड्या, त्यांतून हाती सरासरी एकवीसच. आजच्या चिपा याहून चांगल्या पद्धती वापरतात, तरी आडाला पाणी भरायला वेळ लागतो हे काही बदलत नाही.

आडावर पहाराही लागतो. अमेरिकेच्या एनआयएसटीच्या ८००-९०बी या २०१८ च्या दस्तऐवजात सतत चालणाऱ्या दोन तपासण्या सांगितल्या आहेत. पहिलीत एकच मूल्य सलग किती वेळा आले ते मोजतात. प्रत्येक नमुन्यात एक पूर्ण बिट एन्ट्रॉपी अपेक्षित असेल आणि खोट्या इशाऱ्याची शक्यता २ च्या उणे २० व्या घाताएवढी मान्य केली, तर सलग २१ वेळा तेच आले की घंटा वाजते. या तपासण्यांनी यादृच्छिकता सिद्ध होत नाही. आड मेला असेल तर ते मात्र कळते.

आणि मग दार. मोबाइलपासून सर्व्हरपर्यंत पसरलेल्या आर्म रचनेत अधिकाराचे चार स्तर असतात: खाली ॲप, त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम्सना सांभाळणारा हायपरवायझर, आणि सर्वांत वर सुरक्षित फर्मवेअर. अनेक चिपांवर यादृच्छिकतेचे यंत्र या वरच्या, बंद वाड्यात असते. ऑपरेटिंग सिस्टिमला तिथे थेट हात घालता येत नाही. पूर्वी प्रत्येक चिपनिर्मात्याची मागण्याची रीत वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर. त्यात ड्रायव्हर जागे होतात उशिरा, आणि आकडा हवा असतो पहिल्याच क्षणी. बूटलोडरने एक बीज आधीच हाती ठेवायचे, अशीही सोय होती आणि आहे, पण ती शिदोरी एकदाच मिळते.

आर्मच्या 'ट्रू रँडम नंबर जनरेटर फर्मवेअर इंटरफेस' या दस्तऐवजाने, क्रमांक डीईएन००९८, ही रीत एक केली. प्रोसेसर चालू-बंद करण्याची मागणी फर्मवेअरकडे कशी करायची हे पीएससीआय या प्रमाणाने आधीच ठरवून दिले होते, त्याच वळणाचे हे काम. दस्तऐवज इतका लहान आहे की एका बैठकीत वाचून होतो, आणि मला त्याचे हेच मोठे कौतुक वाटते. त्यात चारच मागण्या आहेत: आवृत्ती सांग, अमुक सोय आहे का सांग, आडाची ओळख सांग, आणि बिट दे.

शेवटची मागणी जवळून पाहू. ६४ बिटी कर्नेल पहिल्या रजिस्टरमध्ये सी४००००५३ हा हेक्स क्रमांक ठेवतो, दुसऱ्यात किती बिट हवेत तो आकडा, आणि सिक्युअर मॉनिटर कॉलची आज्ञा देतो. एका खेपेस जास्तीत जास्त १९२ बिट, कारण तीनच रजिस्टरे भरून परत येतात. ३२ बिटी मागणीत ९६. पहिल्या रजिस्टरमध्ये निकाल असतो: ० म्हणजे मिळाले, उणे १ म्हणजे ही सोयच नाही, उणे २ म्हणजे मागणी चुकली. आणि उणे ३ म्हणजे 'सध्या एन्ट्रॉपी नाही'. साऱ्या दस्तऐवजात मला हा उणे ३ सर्वांत मोलाचा वाटतो. फर्मवेअरला नाही म्हणायला इथे हक्काची जागा आहे, आणि मागणाऱ्याला पुन्हा येण्याची.

आडाची ओळख म्हणजे यूयूआयडी. एखाद्या चिपमधले जनित्र सदोष निघाले, तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला नावाने ओळखून वेगळे वागवू शकते. आभासी यंत्रांचे काय, हा प्रश्नही सुबक सुटतो: पाहुण्या यंत्राने तीच मागणी करावी, हायपरवायझरने ती मधेच झेलून स्वतः उत्तर द्यावे. एप्रिल २०२१ च्या लिनक्स ५.१२ मध्ये या दोन्ही बाजू एकदमच आल्या, मागणारा कर्नेल आणि उत्तर देणारा केव्हीएम, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा हायपरवायझर.

रिस्क-व्ही रचनेने वेगळी वाट धरली. तिच्या झेडकेआर विस्तारात 'सीड' नावाचे एक रजिस्टर आहे. ते वाचले की १६ बिट मिळतात, आणि सोबत दोन बिटांत आडाची अवस्था: स्वतःची तपासणी चालू आहे, थांबा, घ्या, किंवा निकामी. वाचायला कुणाला मुभा हे वरचा स्तर ठरवतो, पण मध्ये पाणक्या नाही. पुढचे गाळणे ऑपरेटिंग सिस्टिमने स्वतः करायचे. दोन्ही वाटा मी पुन्हापुन्हा ताडून पाहिल्या आहेत. आर्मची रीत जुन्या, आधीच विकल्या गेलेल्या चिपांनाही फर्मवेअर बदलून सामावून घेते, म्हणून आज तिचा उपयोग मला अधिक दिसतो. रिस्क-व्हीची रीत तपासायला अधिक उघडी आहे, आणि तो गुण लहान नाही.

उघडेपणाचा हा मुद्दा विश्वासाशी येऊन भिडतो, आणि तिथे अजून वाद चालू आहेत. बंद वाड्यातून आलेले बिट खरेच आडातले आहेत, की कुणाला ठाऊक असलेल्या सूत्राने बनवलेले? बाहेरून सांगता येत नाही. लिनक्स सर्व स्रोतांचे बिट एकाच साठ्यात मिसळतो, २०२२ पासून ब्लेक२एस या हॅशने, त्यामुळे एक स्रोत खोटा निघाला तरी बाकीच्यांचे पाणी नासत नाही. पण साठा भरला असे जाहीर करताना वाड्यातल्या बिटांना किती मोजायचे? हा निर्णय कुणाचा: कर्नेल लिहिणाऱ्याचा, वितरकाचा, की यंत्राच्या मालकाचा? पुढच्या प्रकरणांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जमेल तितक्या न्यायाने मांडल्या आहेत.

वाचायला लागण्याआधी एक करा. हाताशी लिनक्सचे कोणतेही यंत्र असेल तर ते बंद करून पुन्हा सुरू करा आणि कर्नेलचा सुरुवातीचा लॉग उघडा. त्यात 'सीआरएनजी इनिट डन' अशी एक ओळ शोधा: साठा भरल्याची ती नोंद. तिच्या डाव्या कडेला सेकंदांचा आकडा असेल. तो टिपून ठेवा, आणि त्या ओळीच्या वर काय काय घडून गेले आहे ते एकेक करून वाचत जा.